फुलाची पाठ

रानफुलांचे फोटो काढणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या कॅमेऱ्याकडे नाही, पँटच्या गुडघ्यांकडे बघावं. पक्ष्यांचे फोटो काढणारे लांबूनच कळतात. त्यांची भली थोरली लेन्स त्यांच्या आधी पोहोचते. आमचं तसं नाही. आम्ही वाटेच्या कडेला पालथे पडलेले असतो आणि येणारा-जाणारा काळजीनं विचारतो, "काही हरवलंय का?" फूल आहे म्हटलं तर तो वाकून बघतो. त्याला गवत दिसतं. मग आपल्याबद्दल काय ते मत ठरवून तो पुढे जातो, आणि ते मत अगदीच चुकीचं असतं असंही नाही. ज्याच्यासाठी हा साष्टांग दंडवत चाललेला असतो ते फूल करंगळीच्या नखाएवढंही नसतं.

पण आडवं झाल्याशिवाय इलाज नाही. उभ्यानं, कॅमेरा खाली रोखून काढलेल्या फोटोत फूल, माती, काटक्या, वाळकी पानं सगळं एका पातळीवर येतं आणि फूल त्यात विरून जातं. त्याच्या उंचीला उतरलं की मागची जमीन लांब जाते, तिचा नुसता रंग उरतो आणि फूल एकटं पुढे येतं. उजेड मात्र ढगाळ हवा. आभाळ भरून आलेलं असलं की तो सगळीकडून सारखा येतो. भर दुपारच्या उन्हात पांढरी पाकळी भाजून निघाल्यासारखी सपाट पांढरी होते, तिच्यावरच्या शिरा गायब. लाल फुलं तर ढगाळ हवेतही दगा देतात. कॅमेऱ्यात लाल रंग आधीच काठोकाठ भरतो, पाकळीचा पोत जातो आणि एक तांबडा डाग उरतो. तिथं फोटो थोडा अंधारा काढलेला बरा.

आता जवळ म्हणजे किती जवळ? खरा मॅक्रो म्हणजे एकास एक. फूल जेवढं, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीवर. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे तुमच्या चौकटीत जगाचा तेवढाच तुकडा मावणार. आणि त्या तुकड्यातही स्वच्छ काय दिसणार? अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ ८ ला धरलं, तर साधारण एक मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. त्याच्या पुढचं धूसर, मागचं धूसर. परागकोश धारदार आला तर पाकळीचं टोक गेलं. टोक धरलं तर परागकोश धुक्यात. अ‍ॅपर्चर एफ १६ पर्यंत बारीक करा, पापुद्रा दुप्पट जाड होईल, पण उजेड चौथाई होईल. त्यात एकास एकला जाताना मुळातच चौथाई उजेड उरलेला असतो. शिवाय फार बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं, आणि मग येतो वारा. आपल्या अंगाला जो कळतही नाही तो वारा लेन्समध्ये वादळ असतो. फूल चौकटीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जातं, थांबतं, तुम्ही बटणावर बोट दाबणार तेवढ्यात पुन्हा निघतं. वारा पडला तरी आपला श्वास आहेच. त्यामुळे फोकसची रिंग फिरवत बसण्यापेक्षा ती एका जागी ठेवून स्वतःच तसूभर पुढे-मागे व्हायचं आणि फुलाचा हवा तो भाग लख्ख झाला की टिपायचं, हे बरं पडतं. त्या क्षणी माणूस श्वास रोखून असतो. या कामात प्राणायाम आपोआप होतो.

लाजाळूची गोष्ट आणखी वेगळी. तिचा गुलाबी गोंडा म्हणजे बहुतेक नुसते पुंकेसर. जवळून प्रत्येक तंतूच्या टोकाला एक बारीक ठिपका दिसतो. मागे हिरव्या पानांची नक्षी नीट जुळून आलेली असते, आणि ट्रायपॉडचा एक पाय फांदीला लागतो. झालं. पानं मिटली, फांदी मान टाकून खाली गेली. पुन्हा उघडायला तिला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात आणि तोवर तुम्हाला हलायची सोय नाही, कारण दुसरा पायही कुठल्यातरी फांदीजवळच असतो.

या सगळ्यावर तोडगा आहे म्हणतात: फोकस थोडा थोडा सरकवत एकाच फुलाचे कितीतरी फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांचे लख्ख भाग जोडून एक करायचा. फोकस स्टॅकिंग. घरात, बंद खिडकीत छान जमतं. रानात वारा पहिल्या दोन-चार फोटोंतच डाव मोडतो. तंत्र वाईट नाही, किड्यांवर-परागांवर काम करणाऱ्यांना ते हवंच. मला मात्र सगळंच लख्ख असलेला फोटो थकवतो. लव, शिरा, पराग, देठ सगळे एकदम बोलायला लागतात. एक मिलिमीटरमध्ये काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं हीच तर यातली गंमत.

ते ठरवायचं तर फूल आधी वाचावं लागतं. एकदांडी घ्या, पायाखाली येणारं, कुणी ढुंकूनही न बघणारं तण. वरून पाहिलं तर पिवळा मध्य आणि कडेला बहुधा पाच पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. लेन्स लावली की कळतं, हे एक फूल नाहीच, भरलेला वाडा आहे. प्रत्येक पांढरी 'पाकळी' म्हणजे स्वतंत्र फूल, आणि मधला प्रत्येक पिवळा ठिपका म्हणजेही नळीसारखं, पाच पाळ्यांचं वेगळं फूल. ती एकदम उमलत नाहीत. बाहेरची रांग आधी, मग आतली, अगदी मधल्या अजून मिटलेल्या कळ्या. घाणेरीच्या गुच्छातही असंच वय वाचता येतं. मधली नवी फुलं पिवळी; परागण झालं, वय झालं की ती नारिंगी, गुलाबी होत जातात आणि कडेला सरकतात. जुनी फुलं गुच्छ लांबून मोठा दिसावा म्हणून थांबतात, फुलपाखरू सोंड घालतं ते बहुतेक पिवळ्यांतच.

केना तर फसवणुकीत तरबेज. निळ्या पाकळ्यांवर वरच्या बाजूला जे ठसठशीत पिवळे तुरे दिसतात, ते वांझ. किड्याला भुलवायला ठेवलेले. खरे पुंकेसर खाली, कमी भडक. फोकस आपसूक पिवळ्यावर जातो, म्हणजे आपणही फसतो. शिवाय याची वेळ सकाळची. दुपारपर्यंत पाकळ्या विरघळून ओली गुठळी उरते, त्यामुळे निवांत उठणाऱ्यांचं हे फूल नव्हे.

पहाटे गेलं की थेंबही मिळतात. पानाच्या कडेला, दात्यादात्यावर एकसारख्या अंतरानं बसलेले थेंब दिसले की लोक फोटोखाली 'दव' लिहितात. दव पानभर बारीक, कसंही पसरतं. कडेला शिस्तीत बसलेले थेंब बहुतेकदा झाडाचेच असतात. रात्रभर मुळांनी ओढलेलं पाणी पानाच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर आलेलं. आणि जे थेंब फवाऱ्यानं मारलेले असतात, तेही ओळखू येतात. त्यात ग्लिसरीन घालणारे आहेत, म्हणजे थेंब जास्त टिकतो. फुलाला त्याची काय गरज आहे कुणास ठाऊक.

वनस्पतींचे फोटो काढणं हे छायाचित्रणाइतकंच जुनं. १८४२ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं निळ्या छापाची, सायनोटाइपची रीत शोधली आणि १८४३ पासून वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्सनं समुद्री शेवाळांचे छाप त्या रीतीनं करायला घेतले. कॅमेरा नाहीच. शेवाळ थेट कागदावर ठेवायचं, उन्हात धरायचं, धुवायचं. निळ्यावर पांढरी आकृती, नमुना जेवढा तेवढीच. म्हणजे आपण हजारोंच्या लेन्सनं जो एकास एक गाठतो, तो तिला उन्हात फुकट मिळत होता! पुढे जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्टनं कोंब, कळ्या, वळलेले तणावे साध्या पार्श्वभूमीवर कितीतरी पट मोठे करून टिपले, तेही मुळात कलेच्या विद्यार्थ्यांना आकार शिकवायला. १९२८ मध्ये त्याचं पुस्तक आलं तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. फुलाच्या चेहऱ्यापेक्षा देठात, गाठीत, वळणात त्याला जास्त रस. त्याच्याकडून घेण्यासारखं तेवढंच. तो नमुने तोडून नेत असे, आपण नेऊ नयेत. मध्ये येणारं गवत उपटण्यापेक्षा हातानं बाजूला दाबून धरावं, आणि आडवं पडण्याआधी पोटाखाली काय येतंय ते बघावं. एका फुलाच्या फोटोपायी दहा रोपं चिरडून येणारे कमी नाहीत.

चेहऱ्याचा मोह मात्र सुटत नाही. समोरून, मधोमध, परागकोश लख्ख असा फोटो एखाद्या जाणकाराला पाठवून विचारावं, "हे कोणतं?" उलट प्रश्न येतो: पान कसं होतं? समोरासमोर की एकाआड एक? देठावर लव? झाडाची उंची? आणि फुलाची मागची बाजू? पिवळ्या, सूर्यफुलाच्या कुळातल्या फुलांचे चेहरे इतके सारखे असतात, की ओळख पटते ती खालच्या हिरव्या छदांवरून, म्हणजे फुलाला तळाशी धरून असलेल्या बारीक पानांवरून, ती दाबून बसलीत की मागे वळलीत यावरून. चेहऱ्याच्या फोटोला मापही नसतं. पाच मिलिमीटरचं फूल पडदाभर दिसतं आणि लोक म्हणतात, "केवढं मोठं!"

म्हणून आता क्रम असा: आधी अख्खं झाड, मग पान दोन्ही बाजूंनी, मग खोड, शेजारी बोट धरून एक, मग फुलाची पाठ, आणि शेवटी तो चेहरा. पाठीची गोडी हळूहळू लागते. समोरून गुळगुळीत दिसणारी पाकळी मागून केसाळ निघते. शिरा मागूनच उठून दिसतात, कळी मिटलेली असताना बाहेर राहिलेला भाग वेगळ्या रंगाचा असतो, आणि देठ जिथं फुलाला भिडतो तिथं मुंग्यांची रहदारी चाललेली असते. कधी पाकळीखाली पांढरा, खेकड्यासारखे पाय पसरलेला कोळी दबा धरून असतो, आणि तो आपल्याला घरी पडद्यावर फोटो मोठा केल्यावर दिसतो. अशा फोटोला कुणी बदाम पाठवत नाही. "उलटं का काढलंय?" एवढंच विचारतात.

जाणकाराचं समाधान त्यानंही होत नाही. फळ धरलं की पुन्हा पाठव, म्हणतो. फूल सरल्यावर त्याच झाडापाशी जाणं हे खरं कसोटीचं काम, कारण तेव्हा ओढ लावणारं तिथं काही नसतं. आंबुशीच्या बाबतीत मात्र ते आवर्जून करावं. उभ्या, पाच कडांच्या, बारीक लव असलेल्या शेंगा तिच्या. पिकलेल्या शेंगेला लेन्सचं टोक नुसतं टेकलं, की प्रत्येक बीभोवतीचं पातळ आवरण ताडकन उलटं होतं आणि बिया चहूकडे उडतात. एखादी नेमकी काचेवर येऊन चिकटते. इतक्या जवळ आलेल्या बीचा फोटो घ्यायचा मोह होतोच, पण त्यासाठी दुसरा कॅमेरा लागतो.