तुम्ही विचारलंत म्हणून: अक्षरं इतकी गुबगुबीत का?

मालवणात माझं रेडियम कटिंगचं, म्हणजे चिकटणाऱ्या रंगीत शीटमधून अक्षरं कापून द्यायचं, छोटं दुकान आहे. होड्यांची नावं, खानावळींचे बोर्ड, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं अशी कामं असतात. नमुने बघता बघता गिऱ्हाईक हमखास विचारतं, "अक्षरां इतकी फुगलेली कित्याक?"

होडीमुळे. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, चिकटवलेल्या रेडियमचा अणकुचीदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो. त्याखाली पाणी शिरलं की पुढची पट्टी सोलून निघायला वेळ लागत नाही. गोल टोक तसं सहजी सुटत नाही. शिवाय बोरूच्या वळणाचं अक्षर हातात घेऊन वाचायला कितीही देखणं असलं, तरी त्याची बारीक रेघ जेटीवरून दिसतच नाही. जाड, जवळपास एकसारख्या रेघेचं अक्षर दिसतं.

इंग्रजीला हे सोपं जातं. त्यांचा 'ओ' कंपासने काढला तरी चालतो. फोक्सवागनने १९७९ साली आपल्यासाठी असाच गोल टोकांचा फाँट करून घेतला होता. आपल्याकडे शिरोरेघ, गाठी, जोडाक्षरं. रेघ जाड केली की पोटातली जागा बुजते, 'क्ष' आणि 'द्ध' तर काळे ठिपकेच होतात.

माझी फजिती 'ध'ने केली. एका बोर्डावर 'धामापूर तलाव' लिहायचं होतं. साधा फाँट घेतला आणि जाडी मीच हाताने वाढवली. 'ध'च्या डोक्यावरची फट बुजली, शिरोरेघ सलग झाली. बोर्ड लागला 'घामापूर तलाव'! मे महिना होता, त्यामुळे कुणाला खोटंही वाटलं नाही. पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

तेव्हापासून मुळातच जाड घडवलेला फाँट घेतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' माझा आवडता, आणि फुकटही आहे. वेगवेगळ्या लिप्यांमधली त्याची नावं तर बघा: गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, तमिळमध्ये बालू थंबी, मल्याळममध्ये बालू चेट्टन, गुरुमुखीत बालू पाजी. सगळीकडे भाऊच! देवनागरीत मात्र नुसता बालू.

घरी करून बघणार असाल तर एक सांगतो. कटिंगला पाठवण्याआधी कॉम्प्युटरवर अक्षरं वेल्ड करा, म्हणजे एकमेकांत जोडून एकच आकार करा. नाहीतर प्लॉटरची, म्हणजे कापायच्या मशीनची, सुरी प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेघ कापते आणि नाव उचललं की तुकडे हातात येतात.

मेनूकार्डाला मात्र हा फाँट मागू नका. वर 'सुरमई थाळी' एवढंच मोठं लिहायचं असेल तर देतो. खाली पंचवीस पदार्थ याच अक्षरात दाटले, तर सोलकढी शोधेपर्यंत भात निवतो.