तुम्ही विचारलंत म्हणून: घरी गाडी असताना मेट्रो कशाला?

ऑफिसात, लग्नात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुठेही विषय निघाला की हा प्रश्न येतोच. मॅडम, तुमच्याकडे ॲक्टिव्हा आहे नं, मग मेट्रोनं काहून जाता? तर सांगते. मी गाडी सोडलेली नाहीच. गाडी पण वापरते आणि मेट्रो पण, एकाच फेरीत, आणि नागपुरात राहायचं तर हेच सगळ्यात बरं पडतं असं माझं ठाम मत आहे.

मी राहते बेसाला, ऑफिस सदरला. बेसात मेट्रो नाही, सिटी बसचा स्टॉप आमच्या लेआउटपासून बराच लांब, म्हणजे घरातून निघायला गाडी लागतेच. पण खरा त्रास वर्धा रोडवर आणि त्यापुढे बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत आहे, सिग्नलला थांबा, धूर खा, पुन्हा थांबा. म्हणून मी मनीषनगरातून उज्ज्वलनगर स्टेशनपर्यंत गाडी नेते, तिथे लावते आणि मेट्रोच्या ऑरेंज लाइननं थेट सदरजवळचं कस्तूरचंद पार्क स्टेशन, कुठे बदलायची पण गरज नाही. २०१९ च्या मार्चमध्ये खापरी ते बर्डी मेट्रो सुरू झाली तेव्हा मला तिचा उपयोग नव्हता, ऑगस्ट २०२१ मध्ये कस्तूरचंद पार्क सुरू झालं आणि मग जमलं.

मे महिन्यात तर विचारूच नका. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस लागले की दुपारी गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही, स्कार्फ, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सनकोट एवढं सगळं चढवून सिग्नलला उभं राहायचं म्हणजे डोकं भणभणतं. आता ते सगळं फक्त घर ते स्टेशन एवढ्यापुरतं. डब्यात बसले की स्कार्फ सोडते, पाणी पिते, खिडकीतून खाली बघितलं तर एकाच खांबांवर आपली मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल आणि त्याच्याही खाली जुना वर्धा रोड, सगळीकडे गाड्याच गाड्या.

आमच्या शेजारचा मुलगा तर सायकलच डब्यात घेऊन चढतो, हो, आपल्याकडे चालते, बर्डीला लिफ्टनं मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावर, ॲक्वा लाइनवर जातो आणि शंकरनगरला उतरून कॉलेजला सायकलनं. मला हे फारच आवडलं.

सगळं अडतं ते जोडावर, म्हणजे एक वाहन सोडून दुसरं धरतो तिथे. स्टेशनजवळ गाडी सावलीत, सुरक्षित लावता आली पाहिजे, बस जिन्याच्या पायथ्याशी थांबली पाहिजे, उतरल्यावर ऑटोवाल्याशी घासाघीस नको आणि फुटपाथ चालण्याजोगा हवा. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो हिंगणा, बुटीबोरी, कन्हानपर्यंत जाणार आहे, छानच आहे, पण म्हणून ती प्रत्येकाच्या दारात थोडीच येणार आहे? घर ते स्टेशन हे अंतर राहणारच, तेव्हा त्याचा विचार खांब उभे करतानाच व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

रात्री उशीर होणार असेल किंवा आईला दवाखान्यात न्यायचं असेल त्या दिवशी मी सरळ गाडीनंच जाते, त्यात काही कमीपणा नाही.

आणि मानेवाड्याकडच्या मैत्रिणी विचारून राहिल्या की आमचं काय, तर रिंग रोडनं सरळ छत्रपती चौक गाठा, स्टेशन तिथेच आहे. फक्त पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचतं, तेवढं बघून निघा.