कोरी चौकट, काळं मॉडेल, कोसळणारा टॅब : दोन जीपीयूंच्या लॅपटॉपची नोंदवही, भाग ३

यंत्र मागच्या दोन भागांतलंच. प्रोसेसरमधला एक आणि वेगळा एक असे दोन जीपीयू (म्हणजे चित्रं काढणाऱ्या चिप), ८ जीबी रॅम, विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवलेलं, बाहेर फोरके मॉनिटर. तपासणीला तीन पानं कायमची ठरवली आहेत : थ्रीडी नकाशा, फिरवून बघायचं धातूच्या घड्याळाचं मॉडेल, आणि मोठ्या छायाचित्रांचं वेबजीएलवर, म्हणजे पानाला जीपीयूकडून चित्रं काढून घेऊ देणाऱ्या सोयीवर, चालणारं दालन.

सुरुवातीची स्थिती अशी. विंडोजवर क्रोममध्ये नकाशाच्या जागी कोरी पांढरी चौकट, घड्याळ काळंकुट्ट, आणि दालन अर्ध्यावर गेलं की टॅब कोसळतो. लिनक्सवर नकाशा दिसतो, पण बोट सरकवल्यावर चित्र सावकाश मागून येतं आणि पंखा सुटतो. एकाच ब्राउझरची ही तक्रार वाटते, म्हणून पहिला मोह फ्लॅग, म्हणजे ब्राउझरच्या प्रायोगिक सेटिंग्ज, उलटेपालटे करण्याचा होतो. तो आवरायचा. ही चार वेगळी दुखणी निघाली, आणि त्यातल्या एकाचा तर ग्राफिक्सशी संबंधच नव्हता.

आधी थर ठरवणे

पान दिसेपर्यंत चार थर असतात : फायली येणं, पानाची जावास्क्रिप्ट चालणं, ब्राउझरची जीपीयू प्रक्रिया, आणि तिच्याखालचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम. लक्षणावरून थर बऱ्यापैकी ओळखता येतो. बाकी पान नीट आणि फक्त कॅनव्हासची (पानातली चित्र काढायची जागा) चौकट रिकामी, तर वेबजीएलचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे जीपीयूशी जोडणी, तयार झालेला नाही. आकार दिसतात पण रंग किंवा पोत (आकारांवर चढवलेली चित्रं) नाहीत, तर बहुतेक वेळा फाइल आलेली नाही. ब्राउझरची अख्खी खिडकीच काळी होते किंवा लुकलुकते, तर जीपीयू प्रक्रिया किंवा ड्रायव्हर. टॅब मरून संदेश येतो, तर मेमरी.

यानंतर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम://जीपीयू आणि फायरफॉक्समध्ये अबाउट:सपोर्ट. क्रोमच्या अहवालात वरची ‘ग्राफिक्स फीचर स्टेटस’ ही यादी आणि तळाचे ‘लॉग मेसेजेस’ या दोन जागा सोन्यासारख्या आहेत. वेबजीएलसमोर ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ लिहिलेलं हवं. फायरफॉक्समध्ये ग्राफिक्स विभागातली ‘कंपोझिटिंग’ ही ओळ वाचायची. ‘वेबरेंडर’ एवढंच असेल तर ठीक, पुढे ‘सॉफ्टवेअर’ जोडलेलं असेल तर चित्रं प्रोसेसर काढतोय. त्याच विभागात ‘डिसिजन लॉग’ असतो, त्यात कुठली सोय का बंद केली याचं कारण स्पष्ट लिहिलेलं असतं. काहीही बदलण्याआधी हा अहवाल मजकूर म्हणून साठवून ठेवायचा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

खात्रीसाठी गेट.वेबजीएल.ऑर्ग या पानावरचा फिरणारा ठोकळा पुरतो. ठोकळा फिरला आणि नकाशा कोराच राहिला, तर वेबजीएल २ आहे का ते बघा. थ्रीडी पानं बनवायच्या थ्री.जेएस या लायब्ररीने आर१६३ आवृत्तीपासून वेबजीएल १ चा आधार काढून टाकला आहे. त्यामुळे फक्त वेबजीएल १ देणाऱ्या जुन्या कार्डावर ठोकळा फिरेल, पण त्या लायब्ररीवरची नवी पानं कोरी राहतील. विंडोजच्या डीएक्सडायग या तपासणीच्या साधनात ‘फीचर लेव्हल्स’ (कार्डाच्या क्षमतेच्या पातळ्या) ९_३ वरच थांबत असतील तर वेबजीएल २ ची आशा सोडलेली बरी.

नोंद १ : नकाशाची कोरी चौकट

या यंत्रावर ठोकळाही फिरला नाही. क्रोमच्या अहवालात वेबजीएल बंद, आणि लॉगमध्ये जीपीयू प्रक्रिया पुन्हा पुन्हा कोसळल्याच्या नोंदी. क्रोम चित्रकामासाठी वेगळी प्रक्रिया चालवतो, आणि ती थोड्या वेळात वारंवार पडली की हार्डवेअरचा नाद सोडून देतो. पूर्वी अशा वेळी स्विफ्टशेडर हा सॉफ्टवेअर रेंडरर आपोआप पुढे येऊन संथ का होईना वेबजीएल द्यायचा. नव्या आवृत्त्यांत ती आपोआपची सोय काढून घेतली जात आहे. म्हणून पूर्वी जिथे रडतखडत नकाशा दिसायचा, तिथे आता कोरी चौकट दिसते. ब्राउझर अद्ययावत केल्यावर नकाशा ‘बिघडला’ असं वाटतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं. दुखणं आधीपासून होतंच, आता ते झाकलं जात नाही.

ब्राउझर बंद करून उघडला की कोसळण्याची ही मोजणी शून्यावर यायला हवी. इथे येत नव्हती. सेटिंग्जच्या ‘सिस्टिम’ पानावर खिडकी बंद केल्यावरही पार्श्वभूमीतली ॲप्स चालू ठेवण्याचा पर्याय चालू होता, त्यामुळे क्रोम कधी पूर्ण मरतच नव्हता. तो पर्याय बंद केला. टास्क मॅनेजरमध्ये क्रोमची एकही प्रक्रिया उरली नाही हे पाहून मग उघडला, तर वेबजीएल परत आलं. काही मिनिटं नकाशा फिरवला आणि पुन्हा गेलं.

म्हणजे मूळ खाली आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’, त्याखाली ‘सिस्टिम’, तिथे ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद शोधायची. डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो परत सावरला, असा तिचा अर्थ. जीपीयूने दिलेलं काम २ सेकंदांत सोडलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. ही मुदत रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, टीडीआर-डिले या नावाने वाढवता येते आणि तसा सल्ला सर्रास दिला जातो. ब्राउझरसाठी तो सल्ला चुकीचा आहे. नकाशाची एक फ्रेम २ सेकंद अडकत असेल तर मुदत १० करून काय मिळणार? पडदा तेवढा जास्त वेळ गोठेल, एवढंच.

कुठल्या जीपीयूवर हे होतंय ते वेगळं केलं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने प्रत्येक ॲपसाठी जीपीयू निवडता येतो. क्रोमला ‘पॉवर सेव्हिंग’ दिलं की प्रोसेसरमधला जीपीयू मिळतो. त्यावर नकाशा तासभर टिकला आणि ४१०१ ची नवी नोंद नाही. ‘हाय परफॉर्मन्स’ दिल्याबरोबर नोंदी परत सुरू. दोष वेगळ्या जीपीयूच्या बाजूला हे पक्कं झालं.

पुढची परीक्षा क्रोम://फ्लॅग्ज मधल्या ‘चूज अँगल ग्राफिक्स बॅकएंड’ या फ्लॅगची. वेबजीएलचे आदेश ड्रायव्हरपर्यंत नेण्याआधी अँगल हा थर त्यांचं भाषांतर करतो, आणि विंडोजवर तो नेहमी डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये करतो. ही आणि ओपनजीएल या ड्रायव्हरशी बोलायच्या दोन वेगळ्या भाषा. इथे ओपनजीएल निवडल्यावर वेगळा जीपीयूही स्थिर राहिला. याचा अर्थ चिप गरम होऊन किंवा खराब होऊन मरत नाहीये, ड्रायव्हरच्या डायरेक्टथ्रीडी भागात गडबड आहे. निदानासाठी हा फ्लॅग अप्रतिम आहे, उपाय म्हणून कायम ठेवू नये. तीच गोष्ट ‘इग्नोर जीपीयू ब्लॉकलिस्ट’ ची. ती यादी ठाऊक असलेल्या सदोष ड्रायव्हरांसाठीच असते, आणि तिला डावलणं म्हणजे कोसळण्याला आमंत्रण.

शेवटी ड्रायव्हर. जुन्यावर नवा न चढवता जुना डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने सेफ मोडमध्ये, नेट तोडून, पूर्ण काढला. नेट चालू ठेवलं तर विंडोज मध्येच आपल्या पसंतीचा ड्रायव्हर घुसवतं. मग नवा बसवला आणि सगळे फ्लॅग मूळ जागी आणले. क्रोमच्या प्रोफाइलमधला जीपीयूकॅश आणि त्याच्या बाहेरचे शेडरकॅश, जीआरशेडरकॅश हे फोल्डर ब्राउझर बंद असताना उडवले. त्यांत जुन्या ड्रायव्हरसाठी तयार केलेले शेडर, म्हणजे जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम, असतात. ते पुन्हा आपोआप बनतात, फक्त पहिल्या वेळी पान जरा अडखळतं.

नकाशा चालू. डायरेक्टथ्रीडी ११ वर, वेगळ्या जीपीयूवर.

नोंद २ : काळं घड्याळ

ड्रायव्हर बदलूनही घड्याळ काळंच. मात्र पट्टा नीट रंगीत दिसत होता, काळा होता तो फक्त धातू. हाच धागा. भौतिक गुणधर्मांवर आधारलेल्या मटेरिअलमध्ये शुद्ध धातूला स्वतःचा पसरलेला रंग नसतो, जे दिसतं ते सगळं भोवतालचं प्रतिबिंब. ते प्रतिबिंब एका एचडीआर चित्रातून, म्हणजे भोवतालचा उजेड साठवलेल्या चित्रातून, येतं. ते चित्र आलं नाही की धातूला परावर्तित करायला काहीच उरत नाही.

एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ उघडलं, ‘डिसेबल कॅश’ वर खूण केली, पान पुन्हा भरलं. एचडीआर फाइल वेगळ्या सर्व्हरवरून येत होती आणि तिच्यासमोर ‘ब्लॉक्ड’. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची एक यादी अख्खा सर्व्हर अडवत होती. त्या पानापुरती सूट दिली आणि धातू चमकला.

फायरफॉक्सवर हीच तपासणी करताना एक फसगत टाळा. त्याचा ‘ट्रबलशूट मोड’ एक्स्टेन्शनं बंद करतो, पण त्याच वेळी हार्डवेअर ॲक्सिलरेशनही बंद करतो. त्यात पान सुधारलं म्हणजे एक्स्टेन्शनच दोषी, असं ठरत नाही. अबाउट:प्रोफाइल्स मधून नवं कोरं प्रोफाइल काढून बघणं जास्त भरवशाचं. आणि चित्रांवर रंगीबेरंगी आडव्या रेघा दिसत असतील तर अबाउट:कॉन्फिग मध्ये ‘प्रायव्हसी.रेझिस्टफिंगरप्रिंटिंग’ बघा. ते चालू असताना कॅनव्हासमधून वाचलेल्या माहितीत मुद्दाम भेसळ केली जाते.

नोंद ३ : दालन आणि मेमरी

इथे फक्त हिशेब. ६००० × ४००० चं छायाचित्र जेपेग म्हणून ५–६ एमबीचं असेल, पण पोत म्हणून जीपीयूवर चढताना प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात : ९.६ कोटी बाइट, म्हणजे ९६ एमबी. लहान आकाराच्या प्रती, म्हणजे मिपमॅप, धरले तर एक तृतीयांश जास्त, १२८ एमबी. अशी ३० छायाचित्रं म्हणजे ३.८ जीबी. प्रोसेसरमधला जीपीयू हे रॅममधूनच घेतो, आणि इथे एकूण रॅम ८.

शिवाय कॅनव्हास स्वतः. फोरके पडद्यावर ३८४० × २१६० पिक्सेल, रंगाला ४ आणि खोलीला ४ बाइट, त्यावर चौपट अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) : २६५ एमबी. फुल एचडीला हाच आकडा ६६. पानाचा झूम कमी करून इथे काही साधत नाही. झूम निम्मा केला की पानाच्या हिशेबात रुंदी दुप्पट होते आणि पिक्सेल तेवढेच राहतात. खिडकीच लहान केली तर मात्र खरंच वाचतात.

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडा आणि ‘जीपीयू मेमरी’ हा रकाना चालू करा. दालन खाली सरकवताना आकडा फक्त चढतच गेला, उतरला एकदाही नाही. हा पानाचा दोष, जुने पोत सोडले जात नाहीत. आपल्या बाजूने करता आलं ते असं : दुसरे थ्रीडी टॅब बंद, खिडकी मॉनिटरऐवजी लॅपटॉपच्या पडद्यावर. टॅब आता शेवटपर्यंत तगतो, पण काठावर. पान आपलं असेल तर केटीएक्स२ या फाइल-प्रकारातले पोत वापरा. बीसी७ या दाबण्याच्या पद्धतीत ते जीपीयूवरही दाबलेलेच राहतात, पिक्सेलला १ बाइट, म्हणजे ९६ चे २४ एमबी.

नोंद ४ : लिनक्स

टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवलं. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’. म्हणजे सगळी चित्रं प्रोसेसर काढत होता, ब्राउझर बिचारा निर्दोष. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सुरू होताना दिलेले शब्द ज्यात असतात ती ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ वाचल्यावर कारण सापडलं : ‘नोमोडसेट’. बसवताना पडदा काळा राहू नये म्हणून हा शब्द जोडतात आणि मग काढायचा राहून जातो. तो असेपर्यंत कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरला कामच करू देत नाही. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या फाइलमधून काढला, अपडेट-ग्रब, रीस्टार्ट. आता ओळीत खऱ्या चिपचं नाव आहे, आणि नकाशा बोटाबरोबर सरकतो.

बाकी राहिलेलं : लिनक्सवर फायरफॉक्स फ्लॅटपॅकमधून (ॲप बंदिस्त डब्यात चालवण्याची पद्धत) चालवून वेगळ्या जीपीयूचा ड्रायव्हर आत जुळतो का ते बघायचं आहे, कारण ड्रायव्हरची फ्लॅटपॅकमधली प्रत आणि बाहेरची प्रत यांचे क्रमांक जुळले नाहीत की पुन्हा एलएलव्हीएमपाइपच पदरी येतो.