गळका नळ, वायसर आणि त्याखालची सीट

बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा आधी मी ते पाणी मोजलं. नळाखाली लिटरची बाटली लावली, ती चाळीस मिनिटांत भरली. म्हणजे दिवसाला ३६ लिटर आणि महिन्याला हजाराच्या वर. आमच्या गच्चीवरची टाकीच हजार लिटरची आहे. महिन्याला एक आख्खी टाकी मोरीत जात होती, आणि तीही लातुरात!

लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून, सुमारे ३४० किलोमीटरवरून, रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात भांड्यांचं पाणी संडासाला, कपड्यांचं फरशीला असा हिशोब आमच्या घरी होता. तो उन्हाळा काढलेल्या माणसाला नळाची धार लागलेली बघवत नाही. प्लंबर एवढ्याशा कामाला लवकर येत नाहीत, म्हणून मीच पाना हातात घेतला.

नळ जुना पितळी, अर्ध्या इंचाचा, तीन-चार फेऱ्यांत बंद होणारा. अशा नळाची रचना साधी असते. हँडल फिरवलं की आतला स्पिंडल, म्हणजे आट्यांचा दांडा, खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर पाण्याच्या भोकावर दाबून बसतो. त्या भोकाच्या काठाला सीट म्हणतात. वायसर झिजला की नळ गळतो, मग घरातलं प्रत्येक जण तो आणखी जोरात पिळतं, आणि त्या जोराने वायसर आणखी कापला जातो.

गच्चीवर जाऊन बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, खाली नळ सोडून पाइपातलं पाणी काढून टाकलं. मोरीच्या जाळीवर जुनं फडकं पसरलं. हँडलचा स्क्रू जाळीतून खाली गेला की तसलाच दुसरा मिळता मिळत नाही, म्हणून हे फडकं मला पान्याइतकंच गरजेचं वाटतं. हँडलवरची टिकली सुरीच्या टोकाने उचकटली, स्क्रू काढला, हँडल वर ओढलं. मग खरं जोखमीचं काम. स्पिंडलचा षटकोनी भाग पान्याने सोडवताना नळाचं धड दुसऱ्या हाताने, पक्कडीत फडकं घालून, घट्ट धरून ठेवायचं. नुसताच पाना फिरवला तर आख्खा नळ फिरतो आणि भिंतीतला जोड हलतो. तो तुटला की टाइल्स फोडण्यावाचून इलाज नाही. त्याआधी स्पिंडल उघडण्याच्या दिशेने थोडा फिरवून घेतला होता, म्हणजे वायसर सीटवर दाबलेला राहत नाही.

वायसर बाहेर आला तो दगडासारखा कडक. मधोमध गोल चर पडली होती, अगदी सीटच्या मापाची, आणि एका बाजूला ती आरपार चिरली होती. हा नमुना घेऊन कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"तेवढ्यासाठी कशाला त्रास घेता, ताई? नवा नळच बसवा की."

"नळ चांगला आहे हो, काका. याच मापाचा वायसर द्या फक्त."

त्यांनी डब्यातून दोन-तीन काढून माझ्या वायसरवर ठेवून बघितले आणि नेमका जुळणारा दिला. माप डोळ्यांनी ठरवू नये, नमुना नेलाच पाहिजे. किंमत चहाच्या कपाएवढी.

पण मला सांगायचंय ते पुढचं. नुसता वायसर बदलून लोक मोकळे होतात आणि नळ पुन्हा गळतो, कारण सीट कुणी बघत नाही. मोबाइलची बॅटरी लावून मी आत बघितलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे काठावर क्षारांचा पांढरा खरबरीत थर बसला होता. बोट फिरवलं तर रवा लागावा तसा लागला. अशा काठावर नवा वायसर कसा नीट बसणार? व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत ठेवून दिला. फेस येऊन थर मऊ झाला, मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने फिरवला. काठ गुळगुळीत लागेपर्यंत थांबले नाही. पितळच खड्डे पडून खाल्लं गेलं असतं तर मात्र सीट घासून घेणारं हत्यार असलेला प्लंबर लागला असता, नाहीतर नवा नळ.

वायसर बसवला, स्पिंडल हाताने जाईल तितका फिरवून मग पान्याने जरासाच आवळला. वरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडला. तोंडातून थेंब नाही, पण हँडलखाली ओल दिसली. ती ग्लँडची, म्हणजे स्पिंडलभोवतीच्या भरणाची, वायसरची नव्हे. ग्लँडचा नट पाव फेरा आवळल्यावर थांबली. रात्री नळाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला, तो सकाळी कोरडा होता.

बेसिनचा नळही आता गळतोय, पण तो अर्ध्या फिरकीत बंद होणारा आहे. त्यात वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात आणि त्यांचा आख्खा स्पिंडलच बदलावा लागतो. तो काढून नमुना पिशवीत ठेवलाय, दुकान उघडलं की आणायचा.