पित्ताशयाचं ऑपरेशन : माझा अनुभव

पित्ताशयात खडे निघालेत आणि ऑपरेशनच्या नावाने पोटात गोळा आलाय अशांसाठी हे लिहितेय, मला तेव्हा कोणी असं बसून सांगायला हवं होतं.

मी मालवणजवळ राहते. दुखायचं ते बहुतेक रात्रीच आणि जड जेवणावर, म्हणजे वडे-कोंबडी झाली की थोड्या वेळाने उजव्या बरगडीखाली कळ सुरू व्हायची, ती पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत जायची, घाम फुटायचा, कुशी बदलून फरक नाही, आणि पहाटेपर्यंत आपोआप थांबायचं. अ‍ॅसिडिटीच्या गोळीने काहीच होईना. शेवटी कुडाळला दाखवलं. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं दाबून मोठा श्वास घ्यायला लावला तर श्वास अर्ध्यातच अडकला, लगेच सोनोग्राफी लिहून दिली.

सोनोग्राफीला उपाशी पोटी जायचं, चहासुद्धा नाही, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही. माझ्यात बरेच खडे होते, सगळ्यात मोठा 9 मिमी, आणि भिंत जाड झालेली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगो, अवयवच काढल्यार जेवाण पचतला कसा?" खरं तर माझ्याही मनात तेच होतं. सर्जननी रिपोर्टच्या पाकिटावर चित्र काढून समजावलं. पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते फक्त साठवतं आणि त्यातलं पाणी शोषून घट्ट करतं, आणि मावतं किती तर 30 ते 50 मिली. आपण तेला-तुपाचं खाल्लं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन रक्तात सुटतं, त्याने पित्ताशय आवळतं आणि पित्त आतड्यात येऊन चरबीचे बारीक बारीक थेंब करतं, मग स्वादुपिंडाचा रस ते पचवतो. माझी कळ जेवणानंतरच का यायची ते तेव्हा कळलं, पिशवी आवळायची आणि तोंडाशी खडा अडकायचा! पिशवी काढली तरी यकृत पित्त करतच राहतं, ते थेट आतड्यात उतरतं. पावसाळ्याची बेगमी नाही केली म्हणून कोणाचं घर अडत नाही, रोजच्या बाजारावर चालतं, तसंच हे.

नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर परत होतात म्हणून अख्खी पिशवीच काढतात. काही त्रास नसेल तर बऱ्याचदा ऑपरेशन करतही नाहीत, पण माझ्यासारखी कळ येत असेल तर टाळू नका, खडा पित्ताच्या नळीत सरकला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, तेव्हा ताप किंवा डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट न बघता निघायचं.

दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर चार छोटी भोकं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता, मी जाम घाबरले. सिस्टर म्हणाल्या, गॅस राहिलाय ताई, श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागतो आणि त्याची नस मानेतून येते म्हणून खांद्यात कळतं, चाला थोडं. भिंत धरून वॉर्डात चालत राहिले, हळूहळू गेलं.

खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले, पिवळट-तपकिरी, एकमेकांवर घासून त्यांना चक्क पैलू पडलेले. पिशवीचा तुकडा तपासायला पाठवतात, ते पैसे वाचवू नका. माझ्या रिपोर्टमध्ये जुनी सूज आली, बाकी काही नाही.

सुरुवातीला पेज आणि मऊ भात, तळलेलं बंद. मधे काही दिवस पोट पातळ व्हायचं, ते आपोआप बसलं. आता बांगड्याचं तिखलं खाते, सोलकढी पिते, वडेही खाते पण एका वेळी थोडेच.