टॉकचा फीडबॅक हाती येईपर्यंत

संभाजीनगरच्या एका डेव्हलपर परिषदेत पोस्टग्रेस या डेटाबेसच्या इंडेक्सवर, म्हणजे डेटा चटकन शोधायच्या सूचीवर, बोललो. प्रस्ताव, निवड, नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसचा प्रवास, प्रत्यक्ष बोलणं, कशातच अडचण आली नाही. वैताग आला तो नंतर, ऐकणाऱ्यांनी काय लिहिलंय ते मिळवताना.

सगळ्या टॉकना मिळून एकच गुगल फॉर्म, त्याचा क्यूआर कोड हॉलच्या दारावर. एका माणसाला एकदाच उत्तर देता येईल ही सेटिंग चालू. म्हणजे आधी लॉगिन करा आणि दिवसभरात एकाच टॉकबद्दल लिहा! दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं, मग ती बंद केली. तुम्ही बोलणार असाल तर क्यूआर शेवटच्या स्लाइडवरही टाका आणि प्रश्नोत्तरं होईपर्यंत ती स्लाइड हलवू नका. दाराशी कुणी थांबत नाही, तिथून चहा दिसतो.

पुढे आयोजकांचा मेल आला : ‘आपली सरासरी ३.९.’ बस्स. किती जणांची, ते नाही. सगळ्यांनी चार-चार दिले तरी साधारण एवढीच येते, आणि बऱ्याच जणांनी पाच न् उरलेल्यांनी चिडून एक दिला तरी एवढीच. यातून मी सुधारायचं काय? शेरे मागितले. ‘करायलोत सर, देतोच.’ पुन्हा विचारलं, पुन्हा ‘देतोच’. मग कुणीतरी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं नाव काढलं, शेऱ्यांसोबत लोकांचे ईमेल आहेत म्हणून देता येत नाही. अहो, तो कॉलम उडवा आणि बाकीचं द्या! हे सुचवल्यावरही बरेच दिवस शांतता. (मागताना पहिल्याच मेलमध्ये ‘ईमेलचा कॉलम वगळून’ असं लिहा, ही पळवाट आधीच बंद होते.)

अखेर शीट आली. पहिला शेरा : ‘फ्लटर छान समजावलं.’ दुसऱ्यात विजेट, तेही फ्लटरमधलंच. फ्लटर म्हणजे मोबाइल अ‍ॅप बनवायचं साधन, मी त्याचं अवाक्षर काढलं नव्हतं. फॉर्ममध्ये टॉकचं नाव नव्हतंच, फक्त हॉल आणि सत्र. जेवणानंतर प्रोजेक्टर बिघडला म्हणून दोन हॉलची अदलाबदल झाली, पण फॉर्ममागचं वेळापत्रक सकाळचंच राहिलं. ३.९ सुद्धा माझे नव्हते!

दोन्ही हॉलच्या ओळी मागवल्या. ‘देतोच’चा आणखी एक फेरा. टाइमस्टॅम्पनं पूर्ण निभत नाही, काही जण रात्री घरी जाऊन भरतात. शेवटी एकेक शेरा वाचून वेगळा केला. इंडेक्स, क्वेरी, एक्सप्लेन हे शब्द दिसले की माझा.

पण त्यात एक शेरा असा होता की सगळा राग निवळला. ‘छोट्या टेबलावर इंडेक्स असूनही पोस्टग्रेस सीक्वेन्शियल स्कॅनच करतो, ते का, हे सांगायला हवं होतं.’ अगदी बरोबर. टेबल डिस्कवरच्या दोन-चार पानांत मावत असेल तर इंडेक्स चाळण्यापेक्षा अख्खं टेबल सरळ वाचून काढणंच (हाच सीक्वेन्शियल स्कॅन) स्वस्त पडतं, आणि नवखा माणूस नेमका तसल्याच टेबलावर करून बघतो. आता त्याची स्लाइड केली आहे. आकड्यानं हे कधी सांगितलं असतं?

स्वतः परिषद भरवत असाल तर क्यूकॉन या सॉफ्टवेअर परिषदेत पूर्वी करायचे तसं करा, दारात हिरवं-पिवळं-लाल कार्ड टाकायला लावा. मात्र सोबत मोकळी लिहायची एक ओळ ठेवा, आणि फॉर्मवर टॉकचं नाव.

फ्लटरचे शेरे मी त्या दुसऱ्या वक्त्याला पाठवले. आपले शेरे हरवलेत हे त्याला माहीतच नव्हतं. तो माझ्या आकड्यावर खूश होता.