गाव उठताना बसलेले

कोकणातून नोकरीसाठी निघालेला माणूस मुंबईत थांबतो, ही सर्वसाधारण रीत. माझे आईबाबा मात्र १९५७ साली रत्नागिरीहून बोटीने मुंबईत उतरले आणि तिथून कलकत्ता मेलने थेट नागपूरला गेले, कारण टपाल-तार खात्याचे हिशेब पाहणाऱ्या तिथल्या कचेरीत बाबांना नोकरी लागली होती. माझा जन्म त्यांची पुण्याला बदली झाल्यानंतरचा. त्यामुळे नागपूर हे आमच्या घरात रोज नाव निघणारे, पण मी कधीच न पाहिलेले गाव होते. यंदा गेलो तो मुद्दाम ऐन मे महिन्यात. हिवाळ्यातले नागपूर छान असते असे सगळेच सांगतात, पण आईबाबांच्या गोष्टींतले नागपूर उन्हाचेच होते.

त्यांना धंतोलीत खोली चटकन मिळाली, यामागे राजकारण होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचा तो मान एका दिवसात गेला. सचिवालयातले कितीतरी लोक भोपाळला, तर काही मुंबईला गेले. आईबाबांच्या खोलीत आधी राहणारा कारकूनही असाच भोपाळला गेलेला. भिंतीवरची त्याची खुंटाळी आणि देवाचा कोनाडा त्यांना आयताच मिळाला. 'गाव उठत होतं, तेव्हा आम्ही बसलो,' असे बाबा म्हणत. घरमालकीणबाईंनी आईला पहिल्याच दिवशी सांगितले होते, 'आमचे लोक चालले, तुम्ही आले, बरं झालं जी.' मला वाटते, आईबाबांना तिथे परकेपणा फारसा जाणवला नाही तो यामुळेच. राजधानीच्या तोऱ्यात असलेल्या शहराने मासळीच्या आठवणीने हळहळणाऱ्या एका कोकणी जोडप्याची इतकी विचारपूस केली असती का, याची मला शंका आहे. पुढे नागपूर कराराच्या शब्दाला जागून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तिथे भरू लागले, पण थोड्या दिवसांच्या त्या मानपानाने जुनी भरपाई होते, असे मानणारा नागपूरकर मला अजून भेटायचा आहे.

धंतोलीत आता जिकडेतिकडे रुग्णालये आहेत. ते घर उरलेले नाही. बाबांनी सांगितलेल्या खुणांवरून जो कोपरा निघाला, तिथेही रुग्णालयच उभे आहे. वाईट वाटेल अशी मी तयारी ठेवली होती, पण समोरच्या पदपथावर गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडून आलेली माणसे पथारी टाकून, डबे उघडून बसली होती आणि त्यांतली एक बाई दुसरीला 'खोली कुठं मिळंल जी?' असे विचारत होती. तो प्रश्न ऐकल्यावर जुन्या घराची हळहळ करायला मला तोंड उरले नाही.

तिथून सीताबर्डी, झिरो माइल आणि पुढे सिव्हिल लाइन्स हा बाबांचा सायकलचा रस्ता मी भर दुपारी चालून पाहिला. डोक्यावरून मेट्रो जाते, सावली तेवढी तिच्या खांबांची मिळते. बाबांच्या कचेरीत दारांना वाळ्याच्या ताट्या असत आणि त्यांच्यावर पाणी मारायला माणूस असे. घरी मात्र खिडकीला ओले लुगडे बांधायचे, आणि ते तासाभरात खडखडीत वाळायचे. पहिल्या उन्हाळ्यात आई त्या लुगड्याकडे बघत रडली होती, हे तिने फार उशिरा सांगितले.

गोळाभात करायला तिला मालकीणबाईंनीच शिकवले. हरभरा डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून मुठीने गोळे वळायचे, भात अर्धवट शिजत आला की ते त्यात ठेवून वाफ आणायची, आणि पानात वाढल्यावर गोळा कुस्करून वरून हिंग-मोहरीची फोडणी घ्यायची. आमच्याकडे पुण्यातही दर पावसाळ्यात तो होई, आणि 'नागपुरी' म्हणून आम्ही पाहुण्यांना कौतुकाने वाढत असू. नागपूरच्या महाल भागातल्या एका खानावळीत तो मिळाला, तेव्हा मी वाढणाऱ्या आजोबांना सांगितले की माझी आई यावर ओले खोबरे पेरायची. त्यांनी फोडणीची पळी हातातच थांबवली. 'गोळाभातावर खोबरं? मंग तो गोळाभात नाही जी,' असे म्हणून त्यांनी माझ्या पानात आणखी दोन पळ्या तेल ओतले.